मधोमध मावणारे डोंगर

फुलांच्या दरीत फुलं संपल्यावर जायचं नसतं, ही गोष्ट मला थेट दरीच्या तोंडाशी असलेल्या फॉरेस्टच्या चौकीवर कळली. तोवर आम्ही इंदूर सोडून बरेच दिवस झाले होते आणि सुदामा नगरातल्या निम्म्या कॉलनीला मी सांगून बसलो होतो की आम्ही आता गालिच्यावरून चालणार आहोत. जुलै-ऑगस्टात जावं म्हणतात. आम्ही गेलो सप्टेंबर संपताना. माझा हिशेब असा की पाऊस थांबला की फुलं लागतात, आपल्या शेवंतीसारखी. हिमालयाने शेवंतीचं ऐकलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर माझ्या तारखा सोडून बाकी सगळं घ्या. आणि बाकीचंही जरा तपासून घ्या. का, ते पुढे येईलच.

इंदूर

माझी बायको वसुधा, हिला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे; तो काढता येतो. काचबिंदूत नजर कडेने आत आत मिटत येते. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं नाही. ताटातली पोळी दिसते, ताटाशेजारची वाटी दिसत नाही. आमच्या घरात वर्षभर कढीच्या वाट्या लवंडत होत्या, मग कुणीतरी म्हणालं की डोळे दाखवा. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी गोल गोल बोलायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी जपायचं. किती दिवस जपलं जाईल, ते मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर वसुधाने चहा टाकला आणि चहा उकळत असताना म्हणाली, "मला डोंगर बघायचेत. बर्फाचे."

मी म्हटलं, "महूच्या पुढे जानापाव आहे की. रविवारी जाऊ."

"तो डोंगर नाही, उंचवटा आहे. मी साताऱ्याची आहे, मला डोंगर शिकवू नका."

"मग साताऱ्यालाच जाऊ."

"नाही. लांबून बघायचं असतं असं मोठं काहीतरी पाहिजे. जवळचा माणूस हल्ली मला तुकड्यांत दिसतो. तुमचं नाक दिसतं तेव्हा कान नसतात. लांबचा डोंगर अख्खा दिसेल. मधोमध मावेल."

माझ्या नाकाविषयी इतक्या गंभीरपणे आजवर कुणी बोललं नव्हतं. मी दोन कप चहा गाळला आणि त्यातला एक बशीत सांडला.

आता माझ्याविषयी. जन्म इंदूरचा, नोकरी पंपांच्या सेल्सची, स्वभाव फेकण्याचा. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एका चुलत आजोबांनी खोलात जाऊन पाहिलं तर ते घोड्यांना चारा घालणारे निघाले. तेव्हा हा गुण रक्तातला. इंदूरमध्ये यात कुणाला गैर वाटत नाही. पोह्याच्या दुकानासमोर उभा राहून एखादा सांगत असला की ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, यातलं निम्मं हवेतलं आहे. तो म्हणतो, "भिया, आगे बोल," आणि शेव जास्त मागून घेतो. वसुधा लग्न होऊन आली तेव्हा तिला हे नवीन होतं. नंतर सवय झाली. मी काही सांगितलं की ती आपल्या मनाने त्याला चाळणी लावायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काय ते ठरवायची. आमचा संसार या व्यवस्थेवर उत्तम चालला होता.

गंगोत्री

हरिद्वारपासून गाडी ठरवली होती. चालवणारे बिष्टजी, माझ्याच वयाचे. वळणावर हॉर्न आणि बाकी वेळ मौन. हर्षिलजवळ सफरचंदं उतरवायचे दिवस चालू होते, रस्त्याकडेला पेट्यांच्या भिंती लागलेल्या. तिथे एका घरगुती खानावळीत राजमा-भात मिळाला. राजमा इतका मऊ की चावायची गरज नाही. मी खिशातून जीरावनची, म्हणजे पोह्यांवर टाकायच्या आमच्या मसाल्याची पुडी काढून वरून भुरभुरलं, कारण इंदूरचा माणूस जीरावनशिवाय पोह्यांनाच काय, प्रसादालाही हात लावत नाही. बिष्टजींना आग्रह केला. त्यांनी चमचाभर चाखलं, गिळलं, आणि विचारलं, "ठीक है. कौन सी बीमारी की दवाई है?"

गंगोत्रीहून गोमुखाकडे जी पायवाट जाते ती राष्ट्रीय उद्यानातून जाते. आम्ही गोमुखापर्यंत जाणार नव्हतो. चीडबासाच्या अलीकडे जमेल तितकं चालायचं आणि परत फिरायचं. वाटेत चौकी लागते. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिक बघतात. स्वच्छ शहराचा नागरिक म्हणून मला भरून आलं. मी त्या गार्डला विचारलं, "गीला और सूखा कचरा अलग-अलग कहाँ डालना है?"

तो म्हणाला, "साहब, यहाँ डालना ही नहीं है. वापस ले जाना है."

वसुधा पुढे निघून गेली होती, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

चालायची आमची पद्धत ठरलेली होती. मी पुढे, ती मागे, तिचा हात माझ्या सॅकच्या पट्ट्यावर. पायाखालचं तिला मान पूर्ण वाकवल्याशिवाय दिसत नाही, आणि मान वाकवली की डोंगर जातो. म्हणून पायाखालचं मी बोलायचं आणि डोंगर तिने बघायचा. एका वळणानंतर तिने पट्टा सोडला. मी वळून पाहिलं. ती उभी होती आणि समोर, दरीच्या अगदी टोकाला, भागीरथीची शिखरं. दोन्ही बाजूंचे कडे उंच, काळपट, सरळ उतरलेले. मध्ये नदीचा आवाज. आणि त्या फटीच्या तळाशी पांढरे सुळके. दोन्ही कडे तिला दिसत नव्हते. तिला फक्त फट दिसत होती, आणि त्या फटीत जे होतं ते अख्खं.

"मावतंय?" मी विचारलं.

"मावतंय," ती म्हणाली. "थोडं उरतंय सुद्धा."

तिथे आम्ही खूप वेळ बसलो. माझ्या आवडीची ठिकाणं कोणती असं कुणी विचारलं तर पहिलं नाव याच वळणाचं. त्याला स्वतःचं नाव नाही. अलीकडे एक मोठा खडक आहे आणि त्याला टेकलेलं एक भूर्जाचं झाड, ज्याची साल जुन्या पोथीसारखी सुटत असते.

पण मी गप्प किती वेळ बसणार. समोरच्या उतारावर मला भरल दिसले. भरल म्हणजे तिकडची निळसर रानमेंढी. मी म्हटलं, "ते बघ, कळप. मोठा आहे. एक तर आपल्याकडेच बघतोय."

वसुधाने दुर्बीण लावली. बराच वेळ फिरवली. "दगड आहेत," ती म्हणाली.

"लांबून मेंढ्यांसारखे दिसतात."

"लांबूनही दगडांसारखेच दिसतात."

"एक हलला होता."

तिने दुर्बीण खाली घेतली आणि पुसत बसली. हे नेहमीचंच होतं, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. परतताना खरेखुरे भरल पायवाटेवरच आडवे आले. रंग अगदी दगडाचा, त्यामुळे मी त्यांना दगड समजून चालत राहिलो. वसुधाने मागून पट्टा ओढला. "थांबा. शिंगं आहेत." एक नर अगदी समोर उभा होता, आमच्याकडे बघत, काही तरी चघळत. मग तो एका उडीत वर गेला आणि त्याच्या मागे बाकीचे. खडे खाली येत राहिले. तिने एवढंच म्हटलं, "हे मी पाहिलं."

फुलांची दरी

गंगोत्रीहून जोशीमठापर्यंतचा प्रवास मी सांगत नाही. रस्ता, धूळ, उलटीची गोळी. पुढे गोविंदघाट, आणि तिथून घांघरिया. घांघरियापर्यंत खेचरावरून गेलो. माझ्या खेचराला कड्याच्या बाजूने चालायची आवड होती, तेव्हा वाटेतला निसर्ग मी डोळे मिटून पाहिला.

घांघरिया म्हणजे एकच गल्ली. हेमकुंडला जाणाऱ्या शीख यात्रेकरूंनी भरलेली. गुरुद्वाऱ्यात लंगर. आमच्याकडे भंडाऱ्यात पत्रावळ पुढे सरकवतात आणि वाढणारा पळत सुटतो. इथे वाढणारा माझ्यापुढे रोटी धरून उभाच राहिला. मी एक हात पुढे केला, तो हसला, रोटी काही देईना. शेजारचे म्हातारे सरदारजी हळूच म्हणाले, "दोनों हाथ, जी. परशादा है." मी ओशाळून ओंजळ केली. वसुधाकडे पाहिलं तर तिने आधीच दोन्ही हातांनी घेतली होती. सरदारजी कौतुकाने म्हणाले, "बहनजी को मालूम है." तिला मालूम नव्हतं. ती हल्ली सगळंच दोन्ही हातांनी घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरी. चौकीवर वसुधा बाहेर उभी राहून पाटी वाचत होती, एकेक ओळ बोटाने धरून. मी आत प्रवेशाची चिठ्ठी करत होतो. आतला माणूस म्हणाला, "फूल तो गए, साहब. अब पत्ते देखिए, पत्ते भी अच्छे हैं."

बाहेर आलो. "काय म्हणाले?" तिने विचारलं.

"थोडी कमी झालीत म्हणतात."

इथे मी तुम्हाला खरं सांगतो, दरी कशी होती ते. पूल ओलांडला की दगडी वाट चढत जाते, मग दरी एकदम उघडते. बारीक पुष्पावती नदी, पलीकडे कडे, कड्यांच्या खोबणीत बर्फ. फुलं नव्हती. फुलांच्या जागी कमरेएवढी वाळलेली झाडं, त्यांच्या डोक्यावर बियांच्या बोंडांची झुंबरं. जमिनीलगतची पानं तांबडी, विटकरी, कुठे कुठे हळदीसारखी. सबंध उतार गंजल्यासारखा. वारा आला की बोंडं खुळखुळत. फार सुंदर होतं, पण ते वेगळं सुंदर होतं, आणि मी तिला हे कबूल केलेलं नव्हतं. मी तिला फुलं कबूल केली होती. तिला मधला पट्टा दिसत होता, पायवाटेचा. बाजूचं मी भरत गेलो.

"डावीकडे जांभळी आहेत. पसरलीत लांबवर."

"हं."

"उजवीकडे पिवळी. मध्ये मध्ये पांढरी."

"वास नाही येत."

"थंडी आहे ना. थंडीत वास धरून ठेवतात."

हे शेवटचं वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी आणखी एक निळं फूल घातलं. ती डावीकडे हात लांब करून चालत होती. बोटांना बोंडं लागत होती. ती ती बोंडं एकेक चुरडून बघत होती, आणि मला वाटलं, ती फुलं कुरवाळते आहे.

आता एक शब्द सांगायला हवा. आम्हा इंदूरवाल्यांच्या मराठीत 'खाली' म्हणजे रिकामं. डबा खाली आहे, खोली खाली आहे, रस्ता खाली आहे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझी आई वसुधाला म्हणाली होती, "बघ गं, टाकी खाली झाली का," आणि ही साताऱ्याची मुलगी जिना उतरून अंगणात टाकी शोधत फिरली. नंतर तिची जीभ आमच्यासारखी झाली. आता माहेरी गेली की भाऊ तिला 'भाभीजी' म्हणून चिडवतात. आणि माझं उलट झालं. तिच्या डोळ्यांचं कळल्यापासून मी तिच्याशी नीट, तिच्या मराठीत बोलायचा प्रयत्न करत होतो. तिला घरचं वाटावं म्हणून.

परतताना दगडी वाट उतरणीला लागली. समोरून एक जथा येत होता म्हणून आम्ही कडेला थांबलो. ते गेले. तिने पट्टा पकडण्याआधीच मी दोन पावलं उतरलो होतो. तिथे दगड खचून मोठी पायरी झाली होती, गुडघाभर. मी मागे वळून तिला सावध केलं, साताऱ्याच्या मराठीत: "खाली."

तिने ऐकलं, इंदूरच्या मराठीत: रस्ता मोकळा आहे, चल.

आयुष्यभर मी तिला माझ्या भाषेत ओढलं, आणि त्या एका पायरीवर दोघंही एकमेकांना भेटायला एकमेकांच्या घरी गेलो. दोन्ही घरं खाली.

ती पडली तेव्हा आवाज केला नाही. बसकण मारावी तशी पडली, एक पाय वाकडा होऊन अंगाखाली. चष्मा वाचला. मी धावलो ते घसरलो आणि तिच्या आधी मीच ओरडलो. म्हणजे लोक आधी माझ्याकडे धावले. त्यांतल्या एका मुलीने वसुधाच्या घोट्याला पट्टी गुंडाळली आणि तिचे सोबती पुढे माणसं पाठीवरून नेणाऱ्या कंडीवाल्याला निरोप द्यायला गेले. आम्ही दोघं दगडावर बसलो. मी म्हणत होतो, चूक माझी, शब्द माझा चुकला.

"घोट्याचं काही नाही," ती म्हणाली. "मुरगळलाय. बसेल." मग जरा थांबून, "डावीकडे फुलं नव्हती."

मी बुटाची नाडी सोडून परत बांधू लागलो.

"बोंडं होती. मी हातात धरून पाहिली. चौकीवाला काय म्हणाला ते पण मी ऐकलं, खिडकी उघडी होती."

"तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"मला ठाऊक आहे कशासाठी ते. तीस-एक वर्षं ठाऊक आहे. तुम्ही मेंढ्या म्हणायचा, मी दगड बघायचे, मजा यायची. आता बाजूचं मला बघता येत नाही. उद्या समोरचंही नाही येणार कदाचित." तिने हे कढीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं. "तेव्हा मला विचारायला तुम्हीच असाल. तुम्ही बनवून सांगितलंत तर माझ्याकडे ताडून बघायला काहीच नाही. तुमचा शब्द हाच माझा दगड आणि तीच माझी मेंढी. मग मी काय करायचं, सांगा."

मला पंप विकताना कितीतरी गिऱ्हाइकांनी कितीतरी अडचणीचे प्रश्न विचारलेत. एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं असं झालेलं नाही. त्या दगडावर मी पहिल्यांदाच आजूबाजूला नीट पाहिलं. म्हटलं, "बोंडं तांबडी आहेत. काही काळी. पानं विटकरी. फूल एकही नाही."

"निळं?"

"ते पण नव्हतं."

"हां," ती म्हणाली. "आता सांगा, अजून काय आहे."

कंडी म्हणजे वेताची उभी टोपली. माणूस त्यात बसतो आणि कंडीवाला ती पाठीला लावून चालतो; बसणाऱ्याचं तोंड मागे. वसुधाला लाज वाटत होती. दुसऱ्याच्या पाठीवर बसायचं म्हणजे काय. कंडीवाला म्हणाला, "माताजी, आप तो कुछ भी नहीं हो, मैं सिलेंडर ले जाता हूँ," आणि उठलाच. मी मागून चालू लागलो. आता गंमत बघा: तिचं तोंड मागे, म्हणजे सबंध दरी तिच्यासमोर हळूहळू लांब होत चाललेली. जितकी लांब जाईल तितकी जास्त मावणारी. ती टोपलीत गुडघे जवळ घेऊन, शालीत गुंडाळून, सरळ बघत बसली होती. चढावर मी तिच्याजवळ पोचलो तर हाताने मला मागे सारलं.

"जरा अंतर ठेवा."

"का? रागावलीस?"

"नाही. एवढ्या अंतरावर तुम्ही अख्खे दिसता. कानांसकट."

मी अंतर ठेवून चाललो. घांघरियापर्यंत तसाच, तिच्या नजरेच्या मधोमध, पाऊल कुठेही पडत असताना. त्या दरीत मला सगळ्यांत आवडलेलं ठिकाण विचाराल तर ही वाट. मी पाहिलं काय, तर एका टोपलीत बसलेली माझी बायको, आणि तिच्या मागे कंडीवाल्याचं वाकलेलं डोकं.

गोरसों

घांघरियाच्या दवाखान्यात हाड शाबूत निघालं. मी म्हटलं, आता घरी जाऊ. ती म्हणाली, एक डोंगर राहिलाय.

राहिलेला डोंगर म्हणजे नंदादेवी. तिच्या राष्ट्रीय उद्यानात आतपर्यंत आपल्यासारख्यांना जाऊ देत नाहीत, लांबूनच बघायचं. वसुधाला लांबूनच पाहिजे होतं. औलीच्या वर गोरसों नावाचं कुरण आहे, तिकडे अशा कुरणाला बुग्याल म्हणतात. तिथून दिसते. बिष्टजींनी औलीपर्यंत नेलं आणि तिथे तिच्यासाठी घोडा ठरवून दिला. माझ्याकडे बघून घोडेवाल्याला म्हणाले, "साहब पैदल जाएँगे. घोड़े पे साहब आँख बंद कर लेते हैं." हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते मी बायकोला विचारलं नाही.

आमचं नवीन ठरलं होतं. 'खाली' हा शब्द बंद. पायरी असेल तर पायरी म्हणायचं, वाट रिकामी असेल तर मोकळी म्हणायचं. आणि दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. हे शेवटचं मला सगळ्यांत अवघड. मी घोड्याबरोबर चालत होतो आणि सांगत होतो, "डावीकडे ओक. उजवीकडे ओक. पुढे ओक."

"इतकं पण कोरडं नको," ती वरून म्हणाली. "लग्नाला आल्यासारखे सगळे ओक काय सांगताय."

"त्यांच्या अंगावर शेवाळ आहे. दाढीसारखं लोंबतंय."

"खरोखर दाढीसारखं, की तुमचं?"

मी थांबून नीट पाहिलं. "खरोखर. पांढुरक्या दाढीसारखं."

"मग चालेल."

जंगल संपलं आणि कुरण लागलं. गवत पिवळं पडलेलं, आखूड, आणि त्याच्यावर धुकं. एकदम दाट. घोड्याची मान दिसत होती, तिच्यापुढे काही नाही. वसुधाला उतरवून एका खडकावर बसवलं. घोडेवाला म्हणाला, सकाळी उघडं होतं, आता भरवसा नाही.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

मला माहीत होतं काय दिसायला पाहिजे. जोशीमठच्या हॉटेलात भिंतभर फोटो होता. मी तो फोटो डोळे मिटून सांगू शकलो असतो, दोन्ही शिखरं आणि मधला जोडणारा कडा, उन्हाच्या रंगासकट. सांगितला असता तर तिला आयुष्यभर कळलं नसतं. ती इतक्या लांब आली होती, सुजलेला पाय घेऊन. आणि पुढच्या वर्षी आलो तर फट किती उरली असेल, कोण जाणे.

"काही दिसत नाही," मी म्हटलं. "धुकं आहे."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"बरं," ती म्हणाली. "थांबू."

थांबलो. थर्मासातला चहा संपला. गवतावर थेंब धरले होते, ते सांगितले. दूर कुठे तरी मेंढरांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मेंढरं दिसत नव्हती, तेही सांगितलं. ती समोर बघत होती, हात मांडीवर. मग तिच्या उजव्या अंगाला, बरंच वर, जिथे मी आभाळ समजत होतो तिथे, धुकं फाटलं.

"उजवीकडे," मी म्हटलं. "वर. अजून वर."

तिने मान वळवली. ज्यांना बाजूचं दिसत नाही त्यांना एखादी गोष्ट सापडायला वेळ लागतो. नजर बॅटरीच्या झोतासारखी फिरवावी लागते. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं. वळेपर्यंत फट मिटली होती.

आम्ही दोघं त्या पांढऱ्यात बघत राहिलो. माझे हात तिच्या कानांवर तसेच होते.

"गेली?" ती म्हणाली.

"गेली."

"तुम्हाला दिसली?"

"दिसली."

तिने माझे हात खाली घेतले. "सांगा."

मी सांगितलं. नेहमीपेक्षा फार हळू, कारण प्रत्येक शब्द उचलायच्या आधी तो तिथे होता का, हे बघायला लागत होतं. "पूर्ण नाही दिसली. वरचा भाग फक्त. डावा खांदा ढगात होता. पांढरी नव्हती, राखेच्या रंगाची. उजव्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ होती. दुसरं शिखर असतं म्हणतात, ते दिसलं नाही."

"केवढी?"

मी हात लांब केला, अंगठा वर केला. "माझ्या नखाएवढी."

तिने आपला हात लांब केला. अंगठा धुक्यावर धरला, नजरेच्या मधोमध, आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी काही घातलं नाही. घोडेवाल्याने खोकून आठवण करून दिली तेव्हा उठलो.

खाली औलीत, जिथे गाडी होती तिथे, एका बाईची चहाची टपरी आहे. वसुधाला बाकावर बसवलं, पाय वर घेऊन. चहावालीने पाय पाहिला, मग तोंड पाहिलं. "माताजी, इतनी तकलीफ़ में गईं. नंदा दिखी?"

"दिखी," वसुधा म्हणाली.

मी ग्लास तोंडाला लावलेला तसाच धरला.

"पूरी नहीं. बस ऊपर का हिस्सा. बायाँ कंधा बादल में था. सफ़ेद नहीं थी, राख जैसी. इधर किनारे पे ज़रा सी रोशनी." तिने हात लांब केला. "इतनी. मेरे नाखून जितनी."

चहावाली तिच्या अंगठ्याकडे वाकून बघत होती. "हाँ," ती म्हणाली, "बादल के दिन में ऐसी ही निकलती है." मग माझ्याकडे वळली. "और आपको, बाबूजी?"

"जितनी इनको दिखी," मी म्हटलं, "उतनी ही."